बेळगावची काळी ट्रंक : नेव्हीत निघालेल्या पोराला कोणती घ्यावी

बेळगावच्या बाजारात फौजी ट्रंक मागितली की दुकानदार फार न विचारता एकच माप पुढे ओढतो : ३० इंच लांब, १८ रुंद, १२ उंच. ‘मिल्ट्री साइज आहे बघा, डोळे झाकून न्या.’ मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच गावात, त्यामुळे इथल्या पत्र्याच्या दुकानांना सवय पायदळाची. नेव्हीत भरती झालेल्या पोराला मात्र हे माप जड जातं आणि पहिली अडचण रेल्वेतच येते. डब्यात सोबत न्यायच्या पेटीसाठी रेल्वेने १०० × ६० × २५ सेंटिमीटर ही मर्यादा घातली आहे. १२ इंच म्हणजे ३० सेंटिमीटर, म्हणजे उंचीतच पेटी नियमाबाहेर. टीसी दरवेळी मोजतो असं नाही, पण बर्थखाली सरकली नाही की ती वाटेत येते आणि सगळ्या डब्याची बोलणी ऐकावी लागतात.

घ्यायची तर ३० × १८ × ९ इंचांची घ्या. तयार नसेल तर पत्रेवाला करून देतो, चार-पाच दिवस आधी सांगावं लागतं. आत साधारण ८० लिटर जागा मिळते. दोन-तीन जोड गणवेश, बूट, चादरी, कागदपत्रं आणि साध्या कपड्यांचे तीन जोड आरामात बसतात. थर्ड एसीने जाणार असाल तर ही पेटीसुद्धा मोठी ठरते. तिथली मर्यादा ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर आहे, म्हणजे लांबी पावणेबावीस इंचांच्या आत. स्लीपरने जाणाऱ्याला ही अडचण नाही. वजन दोन्हीकडे ४० किलोपर्यंत फुकट.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. चिल्का या नेव्हीच्या प्रशिक्षण केंद्राच्या पहिल्या फेरीला ट्रंक घ्यायची गरज आहे का, हे दुकानदाराला नव्हे, कॉल लेटरला विचारा. काय आणायचं याची यादी पत्रासोबत येते. त्यात ट्रंक नसेल तर साधी कापडी बॅग घेऊन जा. गणवेश तिथेच मिळतो. ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर अग्निवीरांचं प्राथमिक प्रशिक्षण १६ आठवड्यांचं. पासिंग आउटनंतर पोरं शाखेप्रमाणे पांगतात : इंजिनिअरिंगची लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर, इलेक्ट्रिकलची जामनगरला आयएनएस वालसुरावर, लॉजिस्टिक्सची मालाडला आयएनएस हमला इथे, कुणी कोचीला. ट्रंकेचा खरा उपयोग इथून पुढे. पहिल्या रजेला घरी आल्यावर सामान पाहून घ्या, तेव्हा नेमकं माप कळलेलं असतं. कॉल लेटर हातात पडलं त्याच संध्याकाळी पेढे आणि ट्रंक एकदम घरात आणायची आपल्याकडची घाई इथे नडते.

आता पत्रा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २६ गेज अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, २४ गेज सुमारे ०.६, २२ गेज सुमारे ०.८. दुकानात सगळ्यांनाच ‘बावीस’ म्हणतात, म्हणून तोंडाच्या गेजवर जाऊ नका, पेटी काट्यावर ठेवायला लावा. ३० × १८ × ९ ची रिकामी पेटी कडी-हँडलसकट सहा किलोच्या आसपास भरली तर ती २६ गेजची, साडेसात-आठ किलो भरली तर २४ ची, दहाच्या घरात गेली तर २२ ची. नेव्हीसाठी २४ पुरे. २६ चं झाकण मधोमध हाताने दाबलं की टक्कन आत जाऊन परत येतं, आणि गाडीत कुणी वर बसलं की आत गेलेलं तसंच राहतं. मग एक बाजू उचलते, कुलूप लागेना होतं. २२ मजबूत खरा, पण ते दोन-अडीच किलो तुम्हीच प्रत्येक जिन्यावरून वाहणार.

पत्रा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, आहे की साधा, हे आतून बघा, कारण बाहेर दोन्ही काळेच. झाकण उघडून कोपऱ्यात नखाने किंवा किल्लीने हलकं खरवडा. राखाडी चमक आणि फुलांसारखी नक्षी दिसली तर जस्ताचा मुलामा आहे. गडद, सपाट दिसलं तर साधा काळा पत्रा. चिल्का सरोवराच्या काठावर आहे, पाणी मचूळ, हवा दमट आणि खारी. कोची आणि मालाडची हवाही तशीच. साधा पत्रा असल्या हवेत रंगाच्या प्रत्येक ओरखड्यातून गंजायला लागतो. जीआयचा दोष वेगळा : नव्या जस्तावर ऑइल पेंट नीट धरत नाही, खाली योग्य प्रायमर नसेल तर पापुद्रे निघतात. पापुद्रे निघाले तरी गंज लगेच येत नाही, म्हणून कौल जीआयलाच. दिसायला भिकार होते, एवढं सोसावं.

पांढऱ्या गणवेशावर पडणारा गंजाचा डाग ही या पेटीची सगळ्यात मोठी तक्रार. डाग बहुधा तळाच्या कोपऱ्यातून, नाहीतर झाकणाच्या आतल्या रिव्हेटमधून येतो. त्यावर ब्लीच कधीच घालू नका. क्लोरीनने गंजाचा डाग जात नाही, उलट पक्का बसतो. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा. तेवढ्याने नाही गेला तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी हातमोजे घालून लावा आणि भरपूर पाण्याने धुवा; ते विषारी आहे, पोराबाळांच्या हाताला लागू देऊ नका. त्यापेक्षा आधीच तळाशी जाड प्लास्टिक आणि वर जुनी सुती चादर घाला. कपडे पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवायचे नाहीत. नुसतं प्लास्टिक घातलं तर ओल आतच कोंडते, वरून बुरशी येते.

नवा रंग हाही तसाच त्रास. ऑइल पेंट चार-सहा तासांत हाताला सुका लागतो, पण घट्ट व्हायला आठवडा घेतो. आदल्या दिवशी घेतलेल्या ट्रंकेत पांढरे कपडे घातले तर वास तर बसतोच, झाकणाच्या कडेला काळी रेघही उमटते. निघायच्या आठ-दहा दिवस आधी घ्या आणि झाकण उघडं टाकून उन्हात ठेवा. बेळगावच्या पावसाळ्यात ऊन कुठलं, तेव्हा पंधरा दिवस धरा.

जोडकाम बघताना कडी-कोयंड्यावर वेळ घालवा. कोयंडा स्पॉट वेल्डिंगने चिकटवलेला नको, रिव्हेटने बसवलेला हवा, आणि आतून रिव्हेटच्या शेपटाखाली वायसर हवा. वेल्डिंगच्या ठिपक्यावर जस्त जळून जातं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. हँडलचंही तेच : आतून पट्टी नसेल तर भरलेली पेटी एका हाताने उचलताना रिव्हेट पत्रा फाडून बाहेर येतो. तपासायला दुकानातली दहा किलोची दोन वजनं आत ठेवा, एकाच बाजूचं हँडल धरून उचला आणि पत्र्याकडे बघा. हँडलभोवती पत्रा फुगला तर ती पेटी बाजूला. बिजागऱ्या तीन असाव्यात, आणि खिळ्याची दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेली असावीत. नाहीतर पुढे सात लिव्हरचं कुलूप आणि मागे खिळा ठोकला की झाकण सुटं. झाकणाची पट्टी निदान दीड इंच खाली उतरलेली हवी, म्हणजे फलाटावर पडलेली सर आत जात नाही. कुलूप सोबत नेऊन लावून बघा. कोयंड्याचं भोक लहान असतं आणि चांगल्या कुलपाची कडी त्यात जातच नाही, हे बहुतेकांना घरी गेल्यावर कळतं. एक किल्ली घरी ठेवा.

बरॅकमध्ये ट्रंक खाटेखाली जाते आणि तिथली फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. तळ कुजतो तो तिथे. जुन्या सायकलच्या टायरच्या दोन पट्ट्या कापून तळाला चिकटवा. स्क्रू मारू नका, प्रत्येक भोक म्हणजे गंजाला दार. नाव रंगवून घेताना पेंटर हौसेने नाव, गाव, तालुका, युनिट सगळं लिहितो. आडनाव आणि सर्व्हिस नंबर पुरे. युनिट दर बदलीला खोडावं लागतं, आणि ते फलाटावर मिरवण्याचं कारणही नाही.

चिल्क्याहून येणारी आपल्याकडची पोरं खुर्दा रोडला अमरावती एक्स्प्रेस धरतात आणि लोंढ्यावर उतरतात. ही गाडी रोज नाही, आणि ती वास्कोकडे जाते, बेळगावला येत नाही. लोंढ्यात सामानासकट गाडी बदलायची, नाहीतर खानापूरच्या बाजूने बस पकडायची. हुबळीला उतरलं तर बेळगावसाठी बस आणि गाड्या जास्त मिळतात, निपाणी-संकेश्वरच्या पोरांना तेच सोयीचं. दोन्हीकडे सामान स्वतःच उचलायचं. दहा किलोची पेटी आणि आठ किलोची पेटी यातला फरक त्या जिन्यावर कळतो.

परत जाताना घरचा खाऊ ट्रंकेत नको. कुंदा ओलसर असतो, दीड दिवसाच्या गरम प्रवासात पेटीत आंबतो आणि त्याचं तूप गणवेशापर्यंत पोचतं. न्यायचाच तर गोकाकचा डिंक-सुक्यामेव्याचा करदंट न्या, तो टिकतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी वेगळ्या डब्यात, वेगळ्या पिशवीत. चटणीला वरून तेल घालू नका, आईला हे पटणार नाही, तरी सांगून बघा.

जहाजावर नेमणूक झाली की ट्रंक घरी पाठवावी लागते. मेसमध्ये, म्हणजे जहाजातल्या राहायच्या जागेत, मिळतं ते छोटं लॉकर, तिथे किटबॅगच चालते. म्हणून ही वस्तू किनाऱ्यावरच्या प्रशिक्षणापुरती धरा आणि त्या हिशेबाने पैसे घाला. पितळी कोपरे, आतला मखमली कागद, दुहेरी कप्पा, काही नको. चाकं तर नकोच, पत्र्याला लावलेली चाकं फलाटाच्या पहिल्या फटीत तुटतात.

घरात कुणी निवृत्त फौजी असेल तर आधी माळ्यावर बघा. जुन्या पेट्यांचा पत्रा आजच्यापेक्षा जाड निघतो, अडचण उंचीची आणि वजनाची. माप बसत असेल तर गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि वर काळ्या ऑइल पेंटचे दोन हात द्या, दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. बिजागरी सैल असेल तर पत्रेवाल्याकडून बदलून घ्या. जुन्या रिव्हेटचं भोक मोठं झालेलं असतं, म्हणून नवा रिव्हेट एक नंबर जाड मागा.