मुद्रा, बँकिंग आणि वित्तव्यवस्था : दहा महिन्यांचा अनुभव आणि एका ओळीचा भुर्दंड

या प्राथमिक अभ्यासक्रमाचे शुल्क ३,२०० रुपये आहे. मला तो जवळजवळ साडेआठ हजारांना पडला, कारण उरलेले सव्वापाच हजार पाठ्यपुस्तकातील एका ओळीने खाल्ले. ती ओळ ‘सुधारित आवृत्ती’ असा शिक्का असलेल्या पुस्तकात, पाचव्या घटकात आहे : बँकेतील ठेवीला एक लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते.

माझी गुहागर तालुक्यात सुपारीची वाडी आहे. वर्षाचे पैसे एकदाच हातात येतात आणि ते बँकेत मुदत ठेवीत जातात. पदवी अर्धवट राहिली होती, म्हणून चोपन्नाव्या वर्षी दूरशिक्षणाने प्रवेश घेतला. अभ्यासक्रमात काय आहे हे माहितीपत्रकात सर्वांनी वाचलेले असेलच, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही.

माझ्या एकाच बँकेत एकेक लाखाच्या चार पावत्या होत्या, तीन वर्षांच्या मुदतीच्या, सव्वासात टक्क्यांनी. पाचवा घटक वाचला त्या रात्री झोप लागली नाही. श्रावणातल्या धो धो पावसात, पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “काका, पैशांची नड आहे का? मुदतीआधी मोडलीत तर व्याज कापलं जाईल.” मी विद्यार्थ्याच्या रुबाबात सांगितले, “नड नाही, पण विमा एका लाखाचाच आहे ना!” चौदा महिने झालेल्या तीन पावत्या मोडल्या. एका वर्षाचा पावणेसात टक्के दर, त्यातून एक टक्का दंड, म्हणजे हातात पावणेसहा टक्के. ठरलेल्या सव्वासातपेक्षा हे दीड टक्का कमी. तीन लाखांवर चौदा महिन्यांचा तो दीड टक्का काढला की ५,२५० रुपये होतात. हे गणित मात्र या अभ्यासक्रमामुळे मला तोंडी येते.

पुढे चिपळूणला चौथ्या संपर्क सत्रात सरांनी सहज विचारले, “ठेव विम्याची मर्यादा किती?” मी हात वर करून एक लाख म्हणालो. सर म्हणाले, “ती १ मे १९९३ पासूनची. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे.” माझे चार लाख व्याजासकट पाच लाखांच्या आतच बसत होते; एकही पावती मोडण्याची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो तेव्हा त्याच काउंटरच्या काचेवर ठेव विम्याचे पत्रक चिकटवलेले दिसले. ते श्रावणातही तिथेच असावे.

याहून वाईट पुढेच होते. मोडलेल्या तीन लाखांपैकी दोन लाख मी दोन वेगळ्या बँकांत ठेवले होते आणि तिसरा लाख गावातल्या पतसंस्थेत, कारण तिथे व्याज अर्धा टक्का जास्त होते आणि पुस्तकात ‘सहकारी क्षेत्रातील ठेवींनाही’ विमा असल्याचे मोघम लिहिले होते. सरांनी स्पष्ट केले की हा विमा सहकारी बँकांना असतो, पतसंस्थांना नसतो. म्हणजे सुरक्षितता शोधायला निघालेला माणूस विमा असलेल्या जागेतून विमा नसलेल्या जागेत जाऊन बसला होता. पतसंस्थांवर विसंबलेल्या आमच्या किनारपट्टीवर हा भेद ठळक अक्षरांत छापायला हवा होता.

दिवाळीपर्यंत माझे मत असे होते की हा अभ्यासक्रम कोणी घेऊ नये. ते मत मी आता अर्धे मागे घेतो. ज्या घटकाने मला बुडवले, त्यातला आकडा चुकीचा असला तरी नियम बिनचूक शिकवलेले आहेत. मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेला असते, शाखेला नव्हे. माझे मेहुणे गुहागर आणि चिपळूण अशा एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे वाटून वर्षानुवर्षे निश्चिंत होते, त्यांची समजूत मी याच पानावरून दूर केली. हप्ता बँक भरते, ठेवीदार नव्हे. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १९६२ मध्ये हा विमा सुरू झाला तेव्हा मर्यादा अवघी दीड हजारांची होती, हा इतिहासही उत्तम मांडला आहे. इतका की लेखक १९९३ ला येऊन थांबला याचा राग दुप्पट होतो. बँकेवर निर्बंध आले तर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची २०२१ ची तरतूद अर्थातच त्यात नाही.

कर्जातून ठेव कशी निर्माण होते हा घटक तर शुल्क वसूल करून देणारा आहे. वाडीच्या कुंपणासाठी सोने तारण ठेवून कर्ज काढले, तेव्हा पासबुकात रक्कम जमा झालेली पाहिली आणि पहिल्यांदा लक्षात आले की ती दुसऱ्या कोणाच्या खात्यातून उचललेली नव्हती. बँकेने एका बाजूला माझे कर्ज लिहिले आणि दुसऱ्या बाजूला माझी ठेव. मात्र लगेच पुढच्या प्रकरणात हेच पुस्तक आधी ठेव, मग दहा टक्के राखीव, मग कर्ज असा हजाराचे दहा हजार करणारा जुना तक्ता पाच पाने चालवते. दोहोंचा मेळ कसा घालायचा हे कुठेच सांगितलेले नाही.

बाकी घटक ठीक आहेत. रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणात पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून चिंतामणराव देशमुखांचे नाव येते, पण ते महाडजवळच्या नाते गावचे, आपल्याच रायगडातले, हे सांगायला अर्धी ओळही खर्च केलेली नाही. बांधणीविषयी इतकेच की भाद्रपदात पहिला फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, सुटला आणि पुठ्ठ्यावर बुरशी आली.

चुकीबद्दल मी दोन पत्रे पाठवली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्यानंतर, परीक्षेच्या आठ दिवस आधी, तळहाताएवढे शुद्धिपत्रक आले. त्यात पाच लाख हा आकडा आहे, पतसंस्थांविषयी एक शब्द नाही. नुकसानीबद्दल दिलगिरीही नाही, मग भरपाई दूरच.

पतसंस्थेतली पावती येत्या कार्तिकात पिकते. ती मी मोडलेली नाही, कारण पुन्हा दंड भरण्याची माझी तयारी नाही. तोवर दर सोमवारी तिकडून जाताना दार उघडे आहे का ते पाहून घेतो. माझी प्रत निम्म्या किमतीत विकायची आहे. पाचव्या घटकातली दुरुस्ती शाईने केलेली आहे आणि शुद्धिपत्रक आत डकवलेले आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत.