अग्निशमनाचे एक मोठे भवन की भागाभागांत उपकेंद्रे? सांगलीने पैसा कुठे घालावा

सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ साली एका महापालिकेत आली, पण त्यांच्यातले अंतर काही कमी झाले नाही. सुमारे ११८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र, २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर लोकसंख्या आणि मध्ये सांगली-मिरज हा वर्दळीचा रस्ता. अग्निशमनाच्या नव्या इमारतींना निधी द्यायचा तर दोन वाटा आहेत. एकाच जागी सगळ्या सोयींचे मोठे भवन, नाहीतर तेवढ्याच पैशात तीन-चार ठिकाणी साधी उपकेंद्रे. पोलिस ठाण्यांच्या इमारती या हिशेबात नकोत, गृह खाते राज्याचे आहे. अग्निशमन मात्र ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर बाराव्या अनुसूचीत आलेले शहराचे काम आहे.

आधी वेळेचे बघू. आगीची वर्दी (खबर) आल्यावर शहरी भागात तीन ते पाच मिनिटांत बंब पोहोचावा, असा केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष आहे. ताशी तीस किलोमीटर वेग धरला, जो संध्याकाळी सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागला मिळत नाही, तरी पाच मिनिटांत बंब अडीच किलोमीटर जातो. त्यामुळे सांगलीत कितीही सुसज्ज भवन उभारले, तरी मिरजेतल्या गल्लीत लागलेल्या आगीला ते वेळेत पुरे पडणार नाही. नकाशावर आजच्या प्रत्येक केंद्राभोवती अडीच किलोमीटरचे वर्तुळ काढा. वर्तुळाबाहेर जे राहील, तिथे नवे उपकेंद्र हवे.

त्यात पाण्याचाही प्रश्न आहे. साडेचार हजार लिटरच्या बंबाला एक होज (पाण्याची नळी) लावून मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी मारले, तर टाकी दहा मिनिटांत संपते. हळदीचे गोदाम किंवा कुपवाड एमआयडीसीतला कारखाना दहा मिनिटांत विझत नाही. म्हणून उपकेंद्र म्हणजे नुसती शेड नव्हे. तिथे जमिनीखाली मोठी टाकी, वरून बंब भरायची जाड पाइप आणि वीज गेली तरी चालणारा पंप हवा. बंब मागून आत येऊन पुढून बाहेर पडेल अशी दोन्ही बाजूंनी उघडी जागा हवी. या चार गोष्टी आराखड्यात असल्या तर दर्शनी भागाला साधा रंग दिला तरी चालेल.

भवनाची बाजूही कमकुवत नाही. नियंत्रण कक्ष, सरावाचा मनोरा, गाड्यांची दुरुस्ती, जवानांची निवासस्थाने हे सगळे चार ठिकाणी विभागता येत नाही. उंच इमारतींसाठीची शिडीची गाडीही एकच घेता येते.

पण सांगलीत निर्णय महापूर पाहून करावा लागतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. २०१९ ला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा शहरात शिरली. तेव्हा गावभाग, मारुती चौक, स्टेशन चौक, कर्नाळ रोड या सगळ्या भागांत बंबाचा उपयोग नव्हता, तिथे यांत्रिक बोटी हव्या होत्या. त्याच दिवसांत कोरड्या भागात आग लागली असती तर बंब तिकडेच हवा होता. एकच भवन नदीच्या बाजूला बांधले तर ते स्वतःच पाण्यात जाईल, आणि लांब उंचावर बांधले तर बोटी पुराच्या काठापर्यंत आणण्यातच मोलाचा वेळ जाईल. पूर आल्यावर शहराचे दोन तुकडे होतात, म्हणून केंद्रेही दोन्हीकडे हवीत. बोटी, लाइफ जॅकेट, दोर ठेवायचे उपकेंद्र २०१९ च्या पूररेषेच्या जरा वर, पण पाण्याच्या जवळ असावे. माझ्या मते जागा निवडताना ही अट पहिल्या ओळीत लिहायला हवी.

उपकेंद्रांची खरी अडचण माणसांची आहे. एका बंबामागे चालक, तांडेल (जवानांचा प्रमुख) आणि चार जवान धरा. तीन पाळ्यांना अठरा माणसे झाली, सुट्ट्या आणि आजारपण धरून वीस-बावीस. तीन उपकेंद्रे म्हणजे साठहून जास्त पगार, दर महिन्याला, कायमचे. इमारतीचा खर्च एकदाच होतो, हा दर वर्षी होतो. शिवाय आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगाराचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की राज्य सरकार भरतीला आडवे येते, आणि नव्या पदांना आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, मंजुरी घ्यावी लागते. कंत्राटी माणसे भरून हे भागवू नये. धुरात शिरणाऱ्या माणसाला प्रशिक्षण, विमा आणि नोकरीची हमी हवीच.

पैसा कुठून? केंद्राने १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून अग्निशमन आधुनिकीकरणासाठी २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली, त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला २५ टक्के वाटा घालावा लागतो. राज्याच्या नगरोत्थान योजनेतही महापालिकेला आपला हिस्सा द्यावाच लागतो. कर्ज मी शेवटी ठेवेन. त्याआधी २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली बांधकाम परवानगीबरोबर जमा होणारे अग्निशमन सेवा शुल्क किती येते आणि ते कुठे खर्च होते, याचा तपशील महापालिकेच्या स्थायी समितीने मागावा. ती रक्कम अग्निशमनासाठीच वेगळी ठेवली तर महापालिकेच्या हिश्श्याचा काही भाग तिथूनच निघेल.

माझा कौल उपकेंद्रांना आहे. पहिल्या टप्प्यात वर्तुळाबाहेरची सर्वांत दाट वस्ती आणि पूररेषेलगतची एक जागा घ्यावी. नियंत्रण कक्ष त्यांतल्याच उंचावरच्या केंद्रात दोन खोल्यांत सुरू करावा, भवनासाठी विकास आराखड्यात भूखंड तेवढा राखून ठेवावा. नगरसेवक असाल तर ठरावाबरोबर मंजूर पदांची यादी जोडलेली आहे का ते पाहा. नसेल तर मतदानाआधी ती मागा, आणि मिळेपर्यंत विषय पुढच्या सभेला ठेवायला सांगा.