चोवीस व्होल्टची सिंक्लेअर सी५ पुन्हा बारावर: एका दुरुस्तीचे परीक्षण

सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १० जानेवारी १९८५ रोजी ब्रिटनमध्ये सादर केलेली सी५ ही विजेवर चालणारी तीनचाकी बाजारात वर्षभरही तग धरू शकली नाही. आज विकायला येणाऱ्या अनेक सी५ मूळ रूपात नसतात. वेग वाढवण्याच्या हौसेपायी कोणीतरी १२ व्होल्टच्या मोटारला २४ व्होल्ट जोडलेले असतात. अशीच एक गाडी मी ब्रिटनमधल्या एका छोट्या कार्यशाळेकडे पूर्ण दुरुस्तीसाठी सोपवली होती. झालेल्या कामाबद्दल माझे मत अतिशय चांगले आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे आधीच्या मालकाने केलेले कोणते बदल ठेवायचे आणि कोणते काढून टाकायचे, याचा तिथल्या कारागिरांनी नीट विचार केला.

चोवीस व्होल्टची जोडणी त्यांनी काढून टाकली, हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. ब्रशच्या मोटारला (जिच्या फिरत्या भागाला कार्बनच्या घासणाऱ्या तुकड्यांतून वीज मिळते) दुप्पट व्होल्ट दिले की वेग जवळजवळ दुप्पट होतो, हे खरे. परंतु चढावर मोटार अडली तर प्रवाहही दुप्पट होतो आणि वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. मोटार तापली की वीज तोडणारी मूळ नियंत्रण पेटी आधीच्या मालकाने बाजूला सारली होती, त्यामुळे मोटारला कोणतेच संरक्षण उरले नव्हते. शिवाय गाडीचे ब्रेक ताशी १५ मैलांच्या वेगासाठी बेतलेले आहेत, आणि त्याहून फार वेगाने धावणारी सी५ ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने सायकलींच्या गटात बसत नाही. मग तिला नोंदणी आणि विमा लागतो.

लिथियम बॅटरीचा बदल मात्र त्यांनी कायम ठेवला, आणि तो योग्यच आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात, त्यामुळे मोटारवर वाढीव ताण येत नाही, आणि जड शिसे-आम्ल बॅटरीच्या तुलनेत वजन पुष्कळ कमी होते. बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून फ्यूज बसवला आहे आणि चार्जरही याच प्रकारच्या सेलना साजेसा दिला आहे. मूळ गाडीचे बटण दाबले की मोटारला एकदम पूर्ण वीज मिळत असे. आता मध्ये बसवलेल्या नियंत्रकामुळे ती हळूहळू वाढते, त्यामुळे गाडी निघताना गिअरच्या दात्यांना बसणारा हिसका जाणवत नाही.

कवचाच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. सी५ चे कवच पॉलिप्रॉपिलीनचे असून या प्लॅस्टिकला ना गोंद सहजासहजी धरतो ना रंग. पुढच्या चाकावरच्या भेगेवर पूर्वी फायबरग्लासचे ठिगळ लावलेले होते. त्याच्या कडेखाली नख घातले की ते सहज सुटून येई आणि खालचा पृष्ठभाग कोरा करकरीत दिसे. कार्यशाळेने भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडून ती पुढे सरकणे थांबवले, कडा उतरत्या कापल्या आणि पॉलिप्रॉपिलीनचीच कांडी वितळवून ती जोडली. सांधा उजेडात दिसतो, पण हाताने दाबल्यावर हलत नाही, आणि तो रंगाखाली दडवला नाही हे मला आवडले.

तक्रारी दोनच आहेत. मागच्या ड्रम ब्रेकची केबल नवी घातली, पण तिचे बाहेरचे आवरण जुनेच ठेवल्यामुळे ब्रेकची मूठ सोडल्यावर ती आळसावून परत येते. दुसरे म्हणजे, नव्या तारांना रंगांचा क्रम असला तरी जोडणीचा आराखडा गाडीसोबत दिला नव्हता; मागितल्यावर तो लगेच मिळाला. इतक्या बदललेल्या गाडीसोबत तो न मागताच द्यायला हवा, कारण पुढच्या दुरुस्तीला बसणाऱ्या माणसाला कारखान्याच्या मूळ आराखड्याचा इथे फारसा उपयोग होणार नाही.