वीर्य तपासणी, सांगली: मोजणी चोख, फॉर्म अपुरा

सांगलीतल्या या लॅबमध्ये मोजणी मन लावून होते, हे आधी सांगायला हवं. सॅम्पल आलं की ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये जातं आणि पातळ झालं की, बहुधा १५ ते ३० मिनिटांत, काचपट्टीवर. काउंटसाठी न्यूबावर चेंबर (मोजणीसाठी चौकटी आखलेली काच) दोनदा भरतात, दर वेळी किमान २०० शुक्राणू मोजतात. दोन आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. रिपोर्टवरच्या मर्यादाही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतल्या आहेत: वीर्य किमान १.४ मिली, शुक्राणू मिलीला किमान १.६ कोटी, एकूण हालचाल किमान ४२ टक्के.

घोळ होतो तो डबी काउंटरवर येण्याआधी. जत-आटपाडीहून घरी घेतलेलं सॅम्पल आणलं तर तास उलटतोच. रक्ताच्या सॅम्पलसारखं काही जण ते बर्फात ठेवून आणतात. वीर्यातल्या बायकार्बोनेटमुळे शुक्राणूत सायक्लिक एएमपी हा निरोप्या वाढतो आणि त्यावर शेपटी चालते. गारठ्यात ही साखळीच मंदावते, मग धडधाकट माणसाचाही रिपोर्ट ‘हालचाल कमी’ असा येतो. लॅबमध्येच सॅम्पल द्यावं. शेवटच्या वीर्यपतनाला किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस झालेले असावेत. साधा कंडोम वापरू नये. पहिले थेंब सांडले तर तसं सांगावं, कारण सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात.

फॉर्मवर दिवसांचा रकाना आहे, पण सॅम्पल किती वाजता घेतलं याचा नाही. त्याहून खटकतं ते म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन घेता का, हे विचारलेलंच नाही. तालमी आणि जिमच्या या जिल्ह्यात तो प्रश्न पहिल्या ओळीत हवा! बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूकडून येणारे, वृषणाला कामाला लावणारे एलएच आणि एफएसएच हे हार्मोन थांबतात, वृषणातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि काउंट शून्यावर येऊ शकतो. इंजेक्शन थांबवल्यावर काउंट सावरायला महिने लागतात. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ७४ दिवस जातात. मोठा ताप येऊन गेला असेल तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. एका रिपोर्टवर कुणाला वांझ ठरवू नये.

वृषणात न दुखणारी कडक गाठ लागली तर नुसता काउंट करून घरी जाऊ नये. सोनोग्राफी करावी, रक्तात कर्करोगाची खूण देणारे एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच पाहावेत. कर्करोग निघाला तर केमोआधीच वीर्य गोठवून ठेवायचं असतं. त्याला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लागतो. ती सोय इथे नाही आणि काउंटरवर तसं कुणी आपणहून सांगतही नाही. निदान दारावर एक पाटी तरी लावा, केमोची तारीख थांबत नाही.