व्हॅस्क्युलायटिस आणि कॉम्प्रेशन स्टॉकिंग: कापड झकास, वरची पट्टी म्हणजे डोक्याला ताप

मला व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार) आहे, म्हणून पाय आवळून धरणारे हे मोजे: मांडीपर्यंतचे, 20-30 एमएमएचजी दाबवाले, बोटं उघडी. बरेच महिने रोज घालतेय. कापड एक नंबर, धुवून धुवूनही पकड तशीच. तक्रार फक्त वरच्या सिलिकॉनच्या पट्टीची, आणि ती सविस्तर करणार, कारण कस्टमर केअरने ऐकूनच घेतली नाही.

ज्यांना हा त्रास आहे त्यांना माहितीये, पुरळ पहिलं पायावरच उठतं, जास्त वेळ उभं राहिलं की रक्ताचा सगळा दाब खाली आणि संध्याकाळपर्यंत नडगीवर लाल-जांभळे ठिपके हजर, बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. आणि जिथे इलॅस्टिक रुततं तिथे तर हमखास. मग या हुशार लोकांनी वर काय लावावं? मांडीला करकचून आवळणारी पट्टी! संध्याकाळी काढलं की नडगी स्वच्छ आणि मांडीभोवती ठिपक्यांचं कडं. पुरळ गेलं नाही, वरच्या मजल्यावर राहायला गेलं.

फोन केला तर म्हणे, एकदा घातलं की रिटर्न नाही. अहो, न घालता कळणार कसं? वर सल्ला काय, तर एक साइज मोठा घ्या. म्हणजे घोट्याला ढिला, जिथे दाब सगळ्यात जास्त हवा तिथेच नाही. धन्य!

एवढं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात फॉलोअप झाला. डॉक्टर म्हणाले तुमचे ठिपके गुडघ्याखालीच येतात, मग गुडघ्यापर्यंतचेच घाला की. त्याच कंपनीचे घेतले (नाइलाज, कापड खरंच चांगलंय), त्यात सिलिकॉन नाही आणि कडंही नाही. त्यामुळे एका स्टारचे चार करतेय.

कोल्चिसिन (याच त्रासावरची गोळी) पण चालू आहे, पोटाची वाट लावतं ते वेगळं, म्हणून सगळं श्रेय स्टॉकिंगला देत नाही. पण गोळी घेऊनही ज्या दिवशी स्टॉकिंगला सुट्टी देऊन दिवसभर उभी राहिले, त्या रात्री ठिपके आलेच. जुने तपकिरी डाग मात्र याने जात नाहीत, ते त्वचेत मुरलेल्या रक्तातल्या लोहाचे, हळूहळूच फिके होतात. आणि पाय स्वच्छ दिसले म्हणून लघवीची टेस्ट टाळू नका, या आजाराने किडनीत गडबड केली असली तर वरून काही दिसत नाही.

घेण्याआधी पायाच्या धमन्यांचा रक्तप्रवाह तपासून घ्या, तो कमी असेल तर हे घालणं धोक्याचं. सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत चढवा, रबरी हातमोजे घालून, नाहीतर नखाने धागा निघतो. माझ्या डाव्याचा निघालाच. उजवा ठणठणीत, पण एकच विकत नाहीत, जोडीच घ्या म्हणतात. एक स्टार त्याचा कापलाय.