भिगवण की महाबळेश्वर? पुण्यातून पहिली मोठी ग्रुप राइड ठरवताना

पुण्यातल्या सायकल ग्रुपला लोणावळा-सिंहगडाच्या पुढचं काही करायची खुमखुमी आली की बहुतेकदा दोन नावं निघतात. एक, सोलापूर रस्त्याने भिगवणला जाऊन परत, साधारण 200 किलोमीटर. दुसरं, सातारा रस्त्याने वाईमार्गे महाबळेश्वर: एकेरी 120 च्या आसपास, तिथे मुक्काम नाहीतर सायकली टेम्पोत टाकून परत. दोन्हींत अख्खा दिवस जातो आणि दोन्हींना आठ-दहा आठवड्यांची तयारी लागते. तयारी मात्र वेगवेगळी, आणि कुठे जायचं याचं उत्तर ग्रुप कसा आहे त्यावर ठरतं.

"भिगवण सपाट आहे, म्हणजे सोपं" हे वाक्य हमखास ऐकू येतं. चढ कमी आहे हे खरं. पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर, भिगवण त्याहून थोडं खालीच. उड्डाणपूल आणि मधले लांबट चढउतार धरूनही जाऊन-येऊन एकूण चढाई हजार मीटरच्या आत राहते. अडचण अशी की सपाटीवर पाय थांबत नाहीत. पेडलच्या मिनिटाला 85 फेऱ्या धरल्या तर आठ तासांत चाळीस हजारांवर फेऱ्या होतात, आणि त्या जवळजवळ सगळ्या एकाच बसणीत. त्यामुळे भिगवणला दम टिकतो, पण बूड आणि तळहात आधी हार मानतात. वाटेतल्या पाटसच्या पुढे करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, तर तळहाताच्या कडेची नस दबते आहे असं समजावं. बऱ्याचदा सॅडलचं (सीटचं) टोक खाली झुकलेलं असतं, माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळं वजन हातांवर येतं. सॅडल सपाट करा, दर दहा-पंधरा मिनिटांनी हँडलवरची पकड बदला, आणि वीस मिनिटांतून एकदा उभं राहून पंधरा-वीस पेडल मारा. हे राइडच्या दिवशी आठवत नाही. सरावातच अंगवळणी पडावं लागतं.

महाबळेश्वरचा हिशोब उलटा. अंतर कमी, पण कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट, आणि एकूण चढाई दीड ते पावणेदोन हजार मीटरच्या घरात. खरी परीक्षा पसरणीची. वाई साधारण 720 मीटरवर, पाचगणी 1,290 च्या आसपास, मधलं अंतर 12 किलोमीटर. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या जरा आत. आकडा ऐकायला सौम्य वाटतो. पण हा चढ लागतो तेव्हा पायांत आधीचे 88 किलोमीटर आणि खंबाटकी असते, आणि घड्याळात सकाळचे नऊ-साडेनऊ वाजलेले असतात.

इथे गिअरचं गणित मांडून बघा. पुढे 50/34 चेनरिंग, म्हणजे पेडलजवळ 50 आणि 34 दात्यांची दोन चक्रं; मागे 11-28 कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावर 11 ते 28 दात्यांच्या चक्रांचा संच. सगळ्यात हलक्या गिअरला मिनिटाला 70 फेऱ्या ठेवायच्या तर वेग ताशी 10.7 किलोमीटर लागतो. सायकलसकट 80 किलो वजन धरलं तर पाच टक्के चढावर त्यासाठी सव्वाशे-दीडशे वॉट लागतात. मागचं सगळ्यात मोठं चक्र 34 दात्यांचं असेल तर त्याच फेऱ्यांना ताशी 8.8 पुरतो आणि गरज 110 वॉटच्या आसपास येते. नव्या माणसाला एक-सव्वा तास सलग 110 जमतात, 140 जमतीलच असं नाही. मग फेऱ्या 50 वर येतात, माणूस जोर लावून पेडल दाबत राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायला लागते. तेव्हा महाबळेश्वर ठरलं की पहिला खर्च कॅसेटचा. ती घेण्याआधी मागचा डीरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, एवढं मोठं चक्र घेतो का हे दुकानात विचारा. अनेक रोड सायकलींचे आखूड डीरेलर 28-30 च्या पुढे जात नाहीत. चेनही बहुधा नवी, थोडी लांब लागते. भिगवणसाठी यातलं काहीही बदलायची गरज नाही.

आता ग्रुपचं. सपाटीवर ताशी 28-30 ने जाताना पुढच्याच्या चाकामागे नीट चिकटून राहिलेल्या माणसाला 25 ते 30 टक्के कमी ताकद लागते. म्हणजे भिगवणच्या रस्त्यावर तगडा माणूस कमकुवत माणसाला अक्षरशः ओढून नेऊ शकतो. घाटात ताशी नऊ-दहाच्या वेगाला हवेचा अडथळा नगण्य असतो, त्यामुळे आडोशाचा फायदा शून्याच्या जवळ. वाई सुटली की दहा जणांचा ग्रुप म्हणजे दहा सुटे सायकलस्वार, आणि पहिल्या-शेवटच्यात पाचगणीपर्यंत पाऊण तासाचं अंतर सहज पडतं. "सगळे मिळून चढू" असं ठरवणारे ग्रुप निम्म्या घाटात एकमेकांवर वैतागलेले असतात. ज्याने त्याने आपल्या चालीने चढायचं, पाचगणीत ठरलेल्या टपरीवर भेटायचं आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस ठेवायचा, हे वाईतच बोलून घ्या.

भिगवणला मात्र चाकामागे चालवता येणं ही अटच आहे. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आलं आणि पुढचा जरा वळला, तर पडतो मागचा, आणि राष्ट्रीय महामार्गावर पडतो. सहा ते आठ जणांची एकच रांग, त्याहून जास्त असतील तर दोन तुकड्या आणि मध्ये निदान दोनशे मीटर. पुढे राहण्याची पाळी दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका; दमलेल्याने दोनच मिनिटं घेतली तरी चालतं, पण पुढे आल्या आल्या वेग वाढवायचा नाही. आणि गतिरोधक! पुढचा गतिरोधक ओलांडून लगेच ताशी 28 पकडतो तेव्हा शेवटचा अजून त्याच्या अलीकडे असतो. मग तो 35 ने पळून रांग गाठतो. असं वीस-पंचवीस वेळा झालं की तो माणूस कुरकुंभला संपलेला असतो आणि कुणाला कारण कळत नाही. गतिरोधकानंतर मोजून दहा सेकंद हळू, एवढ्याने काम होतं.

दिवस निवडताना सोलापूर रस्त्यावर वारा बघावा लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी वारा बहुतेक पूर्वेचा असतो: जाताना तोंडावर, पण पहाटे तो पडलेलाच असतो, आणि येताना पाठीवर. मार्चपासून दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो. मग परतीचे शंभर किलोमीटर ऊन आणि वारा दोन्ही तोंडावर घेऊन काढायचे. म्हणून भिगवण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. महाबळेश्वरला वाऱ्यापेक्षा गर्दी भारी. नाताळ ते नववर्ष, लागून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिना सरळ वगळा. एरवीही शनिवार-रविवारी पसरणी दहाच्या आत लागायला हवी, म्हणजे पुण्यातून पाचच्या आत निघणं आलं.

रस्त्यावरचे धोके वेगळे आहेत. सोलापूर रस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात. केसापेक्षा थोडी जाड तार रबरात अडकून राहते आणि हळू गळणारं पंक्चर करते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून तार शोधली नाही तर पाच किलोमीटरवर तीही बसते. छोटा चिमटा जवळ ठेवा, नखाने ती तार निघत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत दौंड तालुक्यात दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटे अंधारात उभ्या किंवा रांगत असतात, आणि कडेच्या पट्टीतून राँग साइडने येणाऱ्या दुचाक्या तर बारमाही. सातारा रस्त्यावर जाताना जुना कात्रज घाट घ्या. येतानाही नवले पुलाच्या उतारापेक्षा तोच बरा. दुसऱ्या दिवशी सायकलनेच परतणार असाल तर पसरणी उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम ब्रेकला रिम तापून ट्यूब फुटते. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा.

सामान दोन्हीकडे जवळपास सारखंच: माणशी दोन ट्यूब, आपल्याच सायकलचा डीरेलर हँगर (डीरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा), पुढे-मागे दिवे. ग्रुपमध्ये 10 आणि 11 स्पीडच्या (मागे तेवढी चक्रं असलेल्या) सायकली मिसळलेल्या असतील तर क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायच्या कड्या, दोन्ही मापांच्या घ्या. एकमेकींना चालत नाहीत.

खाण्यात तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. एक मोठं केळं म्हणजे साधारण 25 ग्रॅम, वर राजगिऱ्याची चिक्की. भिगवणला मोह माशांचा. उजनीच्या मासळीचं ताट समोर आलं की दीड तास जातो आणि उठल्यावर पहिले वीस किलोमीटर पाय उचलत नाहीत. मासे खायचे तर कुणाच्या तरी गाडीतून परत एकदा या. वाईत मिसळ किंवा तळलेलं खाऊन पसरणीला लागणं हीसुद्धा तीच चूक, फक्त जास्त महागात पडणारी. पोहे, दही-भात, ओआरएस एवढ्यावर भागवा.

सरावाचं बघू. भिगवणसाठी रविवारची राइड दहा आठवड्यांत 60, 75, 90, 70, 100, 115, 85, 130, 150 आणि शेवटच्या आठवड्यात फक्त 50 अशी चढवा. जुना मुंबई रस्ता यासाठी ठीक. मधल्या वारी दोनदा 20-20 मिनिटं सलग, पेडल न थांबवता, तुटक बोलता येईल पण गप्पा मारता येणार नाहीत इतक्या जोराने. आणि निदान चार रविवार सगळ्यांनी एकत्र, कारण रांगेत चालवणं एकट्याने शिकता येत नाही. महाबळेश्वरला 100 किलोमीटरच्या पुढची लांब राइड लागत नाही, चढ लागतो. सिंहगड पायथ्यापासून गाडीतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर आणि पसरणीपेक्षा उभा आहे, त्यामुळे न थांबता सिंहगड चढणाऱ्याला पसरणी झेपायला हवी. पण ताज्या पायांनी चढलेला सिंहगड फसवतो. जुना कात्रज घाट, खेड शिवापूर, कोंढणपूर असं करून मग वर चढा. ती चाचणी खरी. अशा दोन चाचण्या राइडच्या आधीच्या पाच आठवड्यांत हव्यात.

निर्णय करताना आमचं पहिलं माप म्हणजे माघार घेण्याची सोय. भिगवणच्या वाटेवर ती भरपूर आहे. कुरकुंभवरूनच वळलात तरी 150 होतात. पुणे-दौंड रेल्वे जवळून धावते, उरुळी, यवत, केडगाव, पाटस अशी स्टेशनं आहेत. दमलेला माणूस गाडीने घरी येतो, सायकलचं नंतर बघता येतं. महाबळेश्वरला वाई ही माघारीची शेवटची सोयीची जागा. त्यापुढे सोबत टेम्पो असेल तरच निभतं, तेव्हा टेम्पो आणि चालक आधी ठरवा, तारीख नंतर.

ग्रुपमध्ये ताकदीचा फरक मोठा असेल आणि रांगेत चालवायची शिस्त असेल तर भिगवण. शिस्त नसेल, सगळे आपापल्या तालात चालवणारे असतील, तर अंतर कमी असल्यामुळे नव्हे, तर महामार्गावर एकमेकांच्या चाकात जाणार नाहीत म्हणून महाबळेश्वर. अर्थात सगळ्यात कच्च्या माणसाने सिंहगडची ती चाचणी पार केली असेल तर. त्याने केली नसेल आणि शिस्तही नसेल तर हा हिवाळा लोणावळ्याच्या फेऱ्यांत घालवा. दोन्ही करायच्या असतील तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भिगवण, मग एक आठवडा हलका, कॅसेट बदलून चार आठवडे सिंहगड, आणि जानेवारीच्या शेवटी, लागून सुट्टी नसलेल्या शनिवारी महाबळेश्वर.