कलमांची नर्सरी: दोन उन्हाळ्यांनंतर लिहिलेला अभिप्राय

रोपं घरी आणली त्या दिवशी कुठलीही नर्सरी चांगलीच वाटते. म्हणून दोन उन्हाळे थांबले आणि आता लिहिते आहे.

गुहागरजवळ घरामागे आमची थोडी जांभ्याची जमीन आहे. तिथे पूर्वी दुसऱ्या एका नर्सरीतून 'हापूस' म्हणून चार कलमं आणली होती. तीन जगली. सहाव्या वर्षी फळ धरलं ते बारीक, धाग्याचं रायवळ. वरची हापूसची काडी केव्हाच मेली होती. आम्ही सहा वर्षं पाणी घातलं ते खुंटाला, म्हणजे काडी ज्यावर जोडतात त्या खालच्या रायवळ रोपाला. फार जिवाला लागलं ते.

या नर्सरीत गेले तेव्हा मी उंच, जाड रोपं निवडायला लागले. मालक काकांनीच थांबवलं. "जाडी नको बघू ताई, जोड बघ." खुंट आणि काडी सारख्या जाडीची हवी, जोड भरलेला हवा. गुडघाभर उंचीची, स्वस्तातली कलमं त्यांनी स्वतः काढून दिली. पाच हापूस घेतले. साका (पिकलेल्या हापूसच्या गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) नसलेलं काही हवं म्हटल्यावर दोन रत्ना दिले. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेली ही कोकण कृषी विद्यापीठाची १९८१ सालची जात. शिवाय एक चिकू.

खरी किंमत मिळाली ती सांगण्याची. खड्डे मे महिन्यातच, तीन फूट लांब-रुंद-खोल, उन्हात तापू द्यायचे. आमच्या जांभ्यात पहारीने दोन दिवस गेले. लावताना जोड मातीच्या वर, जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडवायची, काठीला सुतळी सैल बांधायची. दिवाळीच्या सुमारास एका कलमाला जोडाखालून तरतरीत कोंब फुटला. मी फोन केला. "जोडाखालचं पान आपलं नाही, लगेच खुडून टाक." हे वाक्य मला पूर्वी कोणी सांगितलं असतं तर! दुसऱ्या थंडीत रत्नाला मोहोर आला, तोही त्यांनी काढायला लावला. पहिली तीन-चार वर्षं झाडाने अंग धरायचं. हात धजावत नव्हता, पण काढला.

सात आंब्यांपैकी सहा जोमात आहेत. एक वाळवीने गेला, त्यात नर्सरीचा दोष नाही. मी सुका पाला थेट खोडाला भिडवून ठेवला होता.

चिकूबद्दल मात्र तक्रार आहे. पिशवीच्या तळाशी मुळं गुंडाळी होऊन बसली होती. खिरणीच्या खुंटावरचा चिकू सावकाश वाढतो हे मान्य, पण दोन वर्षांत वीतभर? बदली रोप अर्ध्या किमतीत दिलं. माझ्या मते ते फुकट द्यायला हवं होतं. आणि जूनमधल्या रविवारी जाऊ नका. गर्दीत काका भेटत नाहीत, मुलं हाताला येईल ते रोप देतात.

तरीही या मृगाला तिथेच कोकमाची दोन कलमं सांगून ठेवली आहेत. बियांपासून केलेल्या रोपांत नर झाडं बरीच निघतात आणि ते कळेपर्यंत वर्षं जातात. कलम मादी झाडाचं असतं. यावेळी पिशवी उचलून तळ बघूनच पैसे देईन.